तंतोतंत जुळणी

धाकटीचा बोनमॅरो दादाला इतका तंतोतंत जुळला होता, की वॉर्डातल्या सिस्टर म्हणायच्या, "असं नशीब सगळ्यांचं नसतं हो." आणि आता त्याला चढवलेल्या तिच्याच पेशी त्याच्या जिवावर उठल्या होत्या. तळहातांची सालं निघत होती, तोंड आतून सोलवटलं होतं. नुसती कूस बदलायची म्हटली तरी तो कण्हायचा.

"एवढं जुळूनही असं का?" तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"तुम्हाला एक मूल झालं होतं म्हणालात. मुलगा ना?"

"मुलगी. जन्मताच गेली. मी शुद्धीवर नव्हते. सगळं दादानंच निस्तरलं."

डॉक्टरीणबाई जरा घुटमळल्या. "तुमच्या रक्तात पुरुषाच्या थोड्या पेशी सापडल्या आहेत. पोटात मुलगा वाढला, की त्याच्या पेशी आईच्या अंगात वर्षानुवर्षं राहू शकतात. आणि अशा आईच्या पेशी कधीकधी पुरुषाचं शरीर परकं मानायला शिकतात. दादांना बहुधा तेच बाधलंय."

त्या न पाहिलेल्या मुलीला धाकटी अजूनही मनातल्या मनात एका नावानं हाक मारायची.

मग ती दादाच्या खाटेपाशी गेली आणि हळूच म्हणाली, "दादा, मुलगी झाली म्हणालास. मग गेली म्हणालास, ते तरी खरं का?"

एरवी जरा हललं तरी कण्हणारा दादा, अवाक्षर न काढता भिंतीकडे वळला.