अडीच तास

“लावू का?” वर्षालीने विचारलं.

“लाव,” म्हणत शेखरने मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. साडेदहा वाजले होते.

टेबलावर दोन संगणक होते. डावीकडे जुना, काळा, गुडघ्याएवढा उंच. बारा वर्षांपूर्वी विभागाने तो अनुदानातून घेतला तेव्हा त्यातला प्रोसेसर बाजारातला सगळ्यात महागडा होता. दर दसऱ्याला वाहिलेल्या हळदकुंकवाने त्याच्या पत्र्यावर पिवळट डाग धरला होता. उजवीकडे नवा, जेवणाच्या डब्याएवढा. उद्या समिती येणार होती. जुना सुरू करून रजिस्टरमधली नोंद ताडून पाहणार, आणि मग तो भंगारात जाणार. त्याआधी दोघांचा तुलना अहवाल वर्षालीने द्यायचा होता. शेखरने प्राचार्यांना पत्र लिहून एवढंच मागितलं होतं, की ही तुलना माझ्या जुन्या प्रोग्रामवर करा आणि माझ्यासमोर करा.

तिने दोन्हीकडे एंटर दाबलं.

नव्याने सहा मिनिटांत उत्तर दिलं.

“अरे बापा! सहा मिनिटं?” शेखर हसला. “आपली तं जवानी गेली या म्हाताऱ्यापाशी बसून.”

“लिहून घेते. नवा, सहा मिनिटं.”

“नव्याशी मले काय करा लागते? मले म्हाताऱ्याचा टाइम पायजे. पन्नास मिनिटं. पाहजो तू.”

बारा वर्षांपूर्वी दोघं एकाच सरांकडे पीएच.डी. करत होती. शेखरने हाच प्रोग्राम पंधरा दिवसांत, रात्रंदिवस, चारशे वेळा चालवून आकडे आणून दिले. सरांना ते खरे वाटेनात. त्यांनी स्वतः समोर बसून एकदा चालवून पाहिला. अडीच तास लागले. त्या वेगाने पंधरा दिवसांत दीडशे वेळाही तो चालला नसता. ‘आकडे रचलेले’ असा शेरा पडला आणि शेखरची नोंदणी रद्द झाली. वेळा लिहिलेली त्याची वही त्याच आठवड्यात हरवली होती. पुढे विभागात एकच जागा निघाली, ती वर्षालीला मिळाली. शेखर धारणीकडच्या एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवू लागला.

त्या दिवसांत सगळ्यांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. त्याच्यासाठी डबा आणणारी एकटी वर्षाली होती. आजही तिने दोन डबे आणले होते. पहाटेच्या बसने निघून तो दहाला पोचला, तेव्हा लॅब झाडून, जुनं मशीन सुरू करून ती वाट पाहत होती.

“आबा गेले तवा मी उशाशीच होतो,” शेखर म्हणाला. “मले म्हणे, पोरा, खोटं कावून लिवलं? आता त्यायले तं सांगता येत नाही. पण पोरगी धाव्वीत हाय. तिले दाखवाले एक कागद पायजे. नोकरी नको, काही नको.”

“जो वेळ येईल तो लिहून देईन. सहीशिक्क्यासकट.”

“तुयावर भरोसा हाय म्हणून तं आलो.” त्याने जुन्याच्या पाठीवर तळहात ठेवला. “थंड हाय हा. जानेवारीत आपण याच्यावर हात शेकत होतो, आठवते? सहा कोअर, म्हणजे सहा मजूर एकाच वावरात. कसा घोंघावत होता!”

“पंखा बदललाय त्याचा.”

पन्नास मिनिटं झाली. पडद्यावर आकडे पुढे सरकत राहिले. शेखर घड्याळ उचलून कानाशी नेऊन पाहू लागला.

“झालं नाही अजून.”

“थांब जरा.”

दीड तास झाला. वर्षालीने डबे उघडले. त्याने भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तसाच ठेवून दिला.

एक वाजायला दोन मिनिटं असताना प्रोग्राम थांबला.

“दोन तास अठ्ठावीस,” वर्षाली म्हणाली.

“मी मोबाइलवर वाचून आलो होतो. नवा साताठ पट जोरात हाय म्हणे. इथं तं पंचवीस पट निघून राहिला.”

“जाहिरातीतले आकडे असतात ते. आणि जुनं यंत्र मंदावतं, शेखर.”

“मंग तवा? तवा तं कोरं होतं.”

“तेव्हाही अडीच तासच लागले होते. सरांनी घड्याळ लावलं होतं. मी इथेच उभी होते.”

शेखरने घड्याळ परत मनगटावर चढवलं. मग म्हणाला, “मले पन्नास मिनिटं आठवते. साफ आठवते. उठून चहा प्याले जाओ, वापस येओ, तं झालेलं राहे.” त्याने कपाळ चोळलं. “का मीच तसं धरून बसलो? बारा वर्षं एकच गोष्ट घोकली का मानसाले ती खरीच वाटते.”

“त्रास करून घेऊ नकोस.”

“नाही. बरं झालं. आता पोरीले खरं तं सांगता येईन.”

अहवालावर साक्षीदार म्हणून त्याने सही केली. झेरॉक्स घडी करून खिशात ठेवली. दारात वळून म्हणाला, “येतो मॅडम. सारे उलटले होते, तवा तूच एक होती.”

जिन्यावरची पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर वर्षालीने दार आतून लावलं. दोन्ही डबे धुऊन पालथे घातले. उद्याच्या समितीसाठी रजिस्टर काढलं आणि नोंद वाचली : प्रोसेसर एक, कोअर सहा. मग तिने जुनं मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं आणि सुरू होताना डिलीटची कळ दाबून धरली. सेटिंगचा निळा पडदा आला. तिथे ‘चालू कोअर’ पुढे सकाळी नऊला तिने भरलेला दोनचा आकडा होता. बारा वर्षांपूर्वी सर शेरा लिहून घरी गेल्यावर केला होता, तसाच तिने तो पुन्हा सहा केला.