समोरच्या बेटावरची दोरी

आमच्या गावासमोरच्या छोट्या बेटावर कोणी राहत नाही. होडीवाला शपथेवर सांगतो, "मास्तर, तिथे नुसता खडक आहे." तरी रोज दुपारी आमच्या खिडकीतून तिथल्या दोरीवर कपडे वाळताना दिसतात. माझी नजर अधू, म्हणून मी वाद घालत नाही.

बायकोला मात्र गंमत वाटते. "आज चादरी काढल्यात वाटतं धुवायला," ती पडल्या पडल्या म्हणते.

तीन महिने ती अंथरुणाला खिळली आहे. माझ्यासाठी निळा स्वेटर विणते. एकच बाही उरली आहे. तेवढ्यासाठीच ती तग धरून आहे असं मला वाटतं, म्हणून लोकर मी थोडी थोडीच देतो.

आज त्या दोरीवर निळा स्वेटर होता. दोन्ही बाह्यांचा. तिला दिसू नये म्हणून मी खिडकीसमोर उभा राहिलो.

"अहो, उजेड अडवू नका."

नाइलाजाने सरकलो. ती बराच वेळ पाहत राहिली. मग तिने हातातल्या सुया बाजूला ठेवल्या.

"वाळला असेल. घेऊन या ना."

"अगं, तिथे कसा जाऊ मी?"

"जन्माचे भित्रे तुम्ही! राहू दे, मीच आणते," ती हसून म्हणाली, आणि पांघरूण सारून पायांनी चपला चाचपू लागली.