आणि इतर

"तुमच्या मशीनले माही सून काऊन चालत नाई, बाई?"

कोलूने रेशनकार्ड संगणक चालवणाऱ्या सत्यशीलाच्या टेबलावर ठेवलं आणि उभाच राहिला. संगणकाच्या खोलीत शिरताना चपला बाहेर काढायच्या, असा कचेरीचा कायदा. म्हाताऱ्याच्या पायात चपला नव्हत्याच, तरी त्याने उंबऱ्यावर पाय झटकून घेतले होते. मे महिना चालू होता. अख्खी कचेरी घामाने निथळत होती आणि मशीनसाहेब तेवढे गारव्यात बसले होते. दाराशी कोलूची सून बुधरी उभी होती, डोक्यावर पदर, काखेत गाठोडं.

सत्यशीलाने कार्ड पाहिलं. नव्या संगणकावर छापलेलं, कोरं करकरीत. कोलूला धरून वीस नावं होती. बुधरीचं नव्हतं.

"माहा धाकटा गेला मागच्या साली," कोलू म्हणाला. "आता गावात म्हनून राह्यले, पोरगा गेला तं म्हाताऱ्यानं सुनेचं नाव कटवलं. हिलेही तसंच वाटते. गाठोडं बांधून आली. इथूनच माहेरची बस धरतो म्हनते."

बुधरीने मान वर केली नाही.

संगणकातला त्या कार्डाचा साचा सत्यशीलानेच तर बांधला होता! एका घराची एक ओळ, आणि त्या ओळीत वीस माणसांची जागा. बल्लारपूरच्या दोन खोल्यांत, पाच माणसांत वाढलेली पोर ती. तिला वीस म्हणजे जत्राच वाटली होती.

"बाबा, नाव तुम्ही नाई कटवलं," ती बुधरीला ऐकू जाईल असं म्हणाली. "मशीनच्या एका ओळीत ठरावीक अक्षरं मावतात. त्याच्या पुढं एकही नाई. ही एकविसावी पडली."

कोलूने मान हलवली. बुधरीने गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं. तिचा विश्वास बसला नव्हता, आणि कसा बसावा? वीस जण मावतात आणि नेमकी तीच मावत नाही!

सत्यशीला कामाला लागली. ओळीत आणखी एका माणसाची जागा जोडली. मशीन टुणकन वाजलं, पडद्यावर उत्तर आलं, ओळ फार लांब. तिने पत्ता आखडला. पुन्हा टुण. मग प्रत्येक नावाची जागाच कमी केली. मशीन गप्प बसलं खरं, पण कोलूच्या नातवंडांच्या नावांची शेपटं तुटली. एकाचं वाचवायचं आणि बाकीच्यांची छाटायची, हा कुठला न्याय? तिने सगळं होतं तसं केलं. डोकं नुसतं भणभणत होतं.

तेवढ्यात कचेरीचे साहेब आत आले. दुपारी त्यांना या खोलीत हटकून काहीतरी काम निघायचं. पडदा बघून म्हणाले, "अगं, एवढं काय त्यात? खाली 'आणि इतर' छाप अन् मोकळी हो."

बुधरी पहिल्यांदा बोलली.

"इतर म्हंजे मीच नं, साहेब?"

साहेबांना एकदम चष्मा पुसावासा वाटला. तो पुसतच ते बाहेर गेले.

सत्यशीला वैतागली होती, स्वतःवरच. "बाबा, एवढे लोक एका घरात मावता तरी कसे हो तुम्ही?"

"एका घरात?" कोलूला हसूच आलं. "एका घरात कोन मावते, बाई? पोराचं लगन झालं का आंगनात नवी झोपडी. जुन्या झोपडीले लांबवत गेलो तं छप्पर पडंन नं डोक्यावर! झोपड्या अलग. आंगन एक, चूल एक."

सत्यशीलाचे हात थांबले. मग ती अशी जोरात हसली, की बाहेरचा शिपाई डोकावला. सकाळपासून ती एकच झोपडी ओढून ओढून लांबवत बसली होती की!

तिने नवा साचा बांधला. आता प्रत्येक माणसाची वेगळी ओळ, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला घराचा नंबर. एकवीस असोत की एकतीस. नावं घालता घालता चहा निवून गेला, तिला पत्ता नाही. मशीन एकदाही वाजलं नाही. छपाईचं यंत्र करकरत सुरू झालं.

"ये इकडे," तिने बुधरीला हाक मारली. "ही बघ. बुधरी. नातं, सून."

"एवढी ओळ माही एकटीची?"

"तुझी एकटीची."

बुधरीचा चेहरा पडला. "मंग मी अलगच नं?"

सत्यशीलाने तिचं बोट धरलं आणि तिच्या ओळीच्या सुरुवातीच्या आकड्यावर ठेवलं. मग वर, कोलूच्या ओळीवर नेलं. "हा घराचा नंबर. दोन्हीकडं सारखाच हाय का, बघ."

बुधरीला वाचता येत नव्हतं, पण सारखं काय ते तिला दिसत होतं. ती एकेका ओळीवरून बोट नेत खालपर्यंत गेली. शेवटपर्यंत तोच आकडा. कोलू खिडकीबाहेर बघत होता, डोळे पुसत. पुसतोय हे दिसू नये एवढीच त्याची धडपड.

बाहेरच्या व्हरांड्यात बुधरी भिंतीला टेकून बसली आणि तिने गाठोडं सोडलं. माहेरच्या वाटेसाठी बांधलेली तांदळाची भाकर काढली, मोडली, मोठा तुकडा सासऱ्यापुढे केला.

"खाऊन घ्या, मामा," ती म्हणाली. "घरी जायाले उशीर होते. सांजची चूल मले पेटवाची हाये."