सहा मिनिटांची चाल

"आपल्या बेताने चाल. दम लागला तर थांब," फिजिओथेरपिस्ट नीलाताईंनी नेहमीप्रमाणे सांगितलं. बारा वर्षांची प्राची दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागली. सहा मिनिटांत ती किती मीटर चालते, ते दर महिन्याला मोजलं जाई.

भिंतीलगत शिरगुपेशेठ बसले होते. त्यांच्या खडी क्रशरच्या धुळीने वस्तीतल्या पोरांची फुप्फुसं खाल्ली होती. म्हणून कोर्टाने त्यांच्या छातीला पट्टा बांधला होता. प्राचीचा जो आकडा येईल, त्याच्या मापानेच पट्टा त्यांना महिनाभर श्वास घेऊ द्यायचा. पाचशे मीटर भरले की सुटका.

आधी हा पट्टा प्राचीच्या थोरल्या बहिणीच्या आकड्यावर चाले. ती गेली, त्या दिवशी आपण सुटलो असं समजून शेठनी पेढे वाटले होते.

"बाळ, जरा भरभर चाल ना," शेठ धापा टाकत म्हणाले.

प्राची तीनदा कठड्याला टेकली. वेळ संपली. तिच्या बोटावरचं यंत्र ऑक्सिजन अठ्ठ्याण्णव दाखवत होतं. नीलाताईंनी ते पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि कागदावर लिहिलं, एकशे नव्वद मीटर. पट्टा आणखी आवळला.

प्राचीने चपला घातल्या आणि ती वरच्या मजल्यावर औषधं आणायला दोन-दोन पायऱ्या ओलांडत धावत सुटली. वरच्या कठड्यावरून तिने वाकून विचारलं, "शेठ, यंदा पेढे कधी?"

शेठनी ओरडायला तोंड उघडलं. तेवढा श्वास त्यांच्याकडे नव्हता.