बदललेला भाग

आमच्या छपाईच्या दुकानात रोज पहिल्या कामाआधी चाचणीचा कागद काढायचा, हा वहिनींचा नेम. वर रंगांचे चौकोन, खाली दुकानाचाच फोटो: रिकामं काउंटर आणि मागची खिडकी. मशीन आलं त्या दिवशी दादाने काढलेला. चौकोन जुन्या कागदाशी जुळले, की कामाला लागायचं.

हे पान मशीनला तोंडपाठ आहे. ते साठवलेलंच भराभर छापतं. पानात काही बदललं असेल तरच थांबतं आणि तेवढाच भाग नव्याने मांडतं.

आज ते थांबलं. पडद्यावर अक्षरं उमटली: बदललेला भाग एक.

"भावजी, फाइलला हात लावलात का?"

"मी कशाला विषाची परीक्षा घेऊ?"

कागद आला, नेहमीसारखा उबदार. चौकोन सगळे जुळले. फोटोत मात्र दुधाळ उजेडात दोघं पाठमोरे, काउंटरवर वाकलेले. एकाचा शर्ट माझाच, निळा. शेजारी वहिनी, नुकत्याच न्हालेल्या.

वहिनी गालात हसल्या. "केस वाळायच्या आत छापूनही आले माझे. अजून एक काढा बघू."

मी बटण दाबलं. मशीन पुन्हा थांबलं. बदललेला भाग एक.

दुसरा कागद सावकाश, झोपेत असल्यासारखा बाहेर सरकला. मी तो काउंटरवर ठेवला आणि वाकून पाहिलं. फोटोत मी एकटाच कागदावर वाकलो होतो.

"जुळले का रंग?" वहिनींचा आवाज अगदी कानाशी आला.

"जुळले," मी म्हणालो. मान मात्र वर केली नाही.