मरायची नोकरी

पहिला बार उडाला आणि एमरी छातीवर हात दाबून खडकाशेजारी कोसळला. छोट्या आगगाडीतली मुलं ओरडली, "मेला! म्हातारा मेला!" खेळण्यातल्या पिस्तुलांचा धूर त्याच्या अंगावरून गेला. गाडी वळणाआड जाईपर्यंत हलायचं नाही, हा करमणुकीच्या पार्कचा नियम. तोवर रंगवलेल्या चेहऱ्याने, टर्कीच्या पिसांचा टोप घालून, रानटी रेड इंडियन म्हणून मरून पडायचं.

पडल्या पडल्या त्याने पापणी किंचित उघडली. शेवटच्या डब्यात, चर्चच्या सहलीतल्या मुलांमध्ये, त्याची नात जोसेट बसली होती. बाकीची मुलं टाळ्या पिटत होती. ती एकटीच तोंडावर हात ठेवून त्याच्याकडे बघत होती.

घरी त्याने सांगितलं होतं, मी पार्कात घोड्यांकडे असतो. लाकोटा जमातीच्या माणसाला हे काम शोभणारं. नातही शाळेत तेच सांगत फिरायची.

"दाजी, उठा. की आज खरंच गेलात?" पलीकडच्या झुडपातून वेंडेल उठला. हा त्याचा मेहुणा. तोही रोज इथेच मरायचा. "गेला असाल तर तुमचा ट्रक मला."

"जोसेट होती गाडीत."

मेहुण्याला टोमणा मारायची संधी सोडायची नाही, हा लाकोटांचा रिवाज. पण वेंडेलने या वेळी ती सोडली.

"ओळखलं तिने?"

"माझ्याकडेच बघत होती."

"मग जा आणि तुम्हीच सांगा. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

एमरी रंग न पुसताच निघाला. काय सांगायचं ते मनात जुळवत होता, पण जुळत नव्हतं. पोटासाठी केलं म्हणावं, तर मग घोड्यांचं खोटं कशाला? सहलीची मुलं झाडीत लाकडी बाकांवर जेवायला बसली होती. तो पाइनच्या एका जाड झाडाआड थबकला. पुढे पाऊल टाकवेना.

जोसेटने अजून घास घेतला नव्हता. तिने कागदी ताटलीत पावाचा तुकडा ठेवला, थोडं मांस, मक्याचे दाणे, केकचा कोपरा. ताटली घेऊन ती झाडीच्या कडेला आली आणि गवतावर अलगद ठेवली. एमरीला पाहताक्षणी कळलं. त्यांच्या घरात मेलेल्यांचं पान असंच आधी काढून बाहेर ठेवतात, मग जिवंत माणसं जेवतात.

"हे कुणाला?" मागून आलेल्या सोनेरी केसांच्या मुलीने विचारलं.

"त्या आजोबांना. मघाशी मेले ना, त्यांना."



"तुझे आजोबा होते ते?"

"छे गं! माझे घोड्यांकडे असतात. हे दुसऱ्या कुणाचे तरी. त्यांच्या घरी अजून कळलंही नसेल."

"वेडीच आहेस. ते सगळं खोटं असतं. तो परत उठतो."

"उठले तर खातील. नाही उठले तर वाटेत लागेल त्यांना," असं म्हणून जोसेट परत गेली आणि शांतपणे जेवू लागली.

एमरी झाडाला टेकून उभा राहिला. इतके उन्हाळे तो मरत आला होता. लोक हसले होते, त्याच्याबरोबर फोटो काढून गेले होते. त्याच्यासाठी कुणी घास बाजूला काढला नव्हता. आणि तिने तर त्याला ओळखलंही नव्हतं. त्याने डोक्यावरचा टोप उतरवला, खाली वाकला आणि त्या ताटलीला हात न लावता, ओठांतल्या ओठांत नातीचे आभार मानले.

तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली. वेंडेल धापा टाकत आला.

"दाजी, चला, फेरी सुटली! काय म्हणाली पोरगी?"

एमरीने टोप त्याच्या हातात ठेवला.

"जेवायला वाढलं तिने. एकदा पान वाढलं, वेंडेल, की पुन्हा मरायचं नसतं."