पुतळ्याचं वाक्य

सरावाच्या जळक्या विमानात वृंदा कोयंडे पुतळ्यापाशी गुडघे टेकून बसली. विमानतळाच्या अग्निशमन दलाचे हे पुतळे माणसासारखेच ऊबदार होते, कण्हायचे, खोकायचे. आतल्या यंत्राच्या हिशेबाने वाचण्याची आशा संपली, की पुतळा शांतपणे म्हणायचा, "मला राहू द्या, पुढच्याला बघा." जवानाचा जीव तिथे अडकून पडू नये, म्हणून केलेली ही सोय. ते ऐकलं की उठायचं आणि पुढे सरकायचं. वर्षानुवर्षांच्या सरावाने ते वाक्य पायांत भिनलं होतं.

गेल्या आठवड्यात खरंखुरं विमान घसरून पेटलं. धुरात एक आजोबा सीटच्या पट्ट्यात अडकले होते. वृंदाने पट्टा कापायला सुरी काढली. तेवढ्यात पुढच्या रांगेत पोर रडलं, आणि आजोबा म्हणाले, "मला राहू द्या, पुढच्याला बघा."

वृंदा उठली. पोराला घेऊन बाहेर आली.

"आत कोणी जिवंत आहे?" तुकडीचे प्रमुख धुरीसाहेबांनी विचारलं.

"नाही," ती ठामपणे म्हणाली.

आजोबांना खरचटलंही नव्हतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. नुसत्या धुराने गेले.

आज पुतळ्याने तेच वाक्य म्हटलं. वृंदाने पट्टा कापला आणि त्याला खांद्यावर टाकलं.

"कोयंडे, सोड त्याला! नापास होशील!" धुरीसाहेब बाहेरून ओरडले.

तिच्या कानाशी पुतळा समजुतीच्या सुरात पुन्हा पुन्हा तेच सांगत होता.

"गप बसा हो आजोबा," वृंदा म्हणाली आणि शिडी उतरू लागली.